परातीतले पिवळे पाणी

परातीतले ते पिवळे पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी मालवण किनाऱ्यावर फौजदार होतो. एका सकाळी खाडीपलीकडचा एक तरुण धापा टाकत ठाण्यात आला.

"सायबानू, माजी भयण मरतली. गरवार आसा. वैद्य डाक्टराकडे न्हेऊक देना नाय."

काविळीवर त्या वैद्याचे मोठे नाव होते. थोड्याच दिवसांपूर्वी त्याचा एक रोगी दगावला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पण जबाब द्यायला कोणी पुढे येईना. मी जमादाराला घेऊन होडीत बसलो.

वैद्याच्या पडवीत ती पडली होती. डोळे हळदीसारखे. भावाने हाक मारली, तर त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू कोण रे?"

उशाशी काढ्याची वाटी घेऊन बसलेली सासू म्हणाली, "सुई टोचली तर पोटातला पोर जळतला. वैद्यान सांगितल्यान हा."

वैद्य साठीचा, शांत. कावीळ कशी ओळखता, असे विचारताच त्याने द्रोणातून आंब्याच्या सालीचा रस माझ्या तळहातांवर ओतला आणि चोळायला सांगितले. रोग्याच्या हाताला तो स्वतः शिवत नसे. मग वरून चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळेजर्द पाणी पडले.

"सायबानू, तुमकाय आसा," तो हळूच म्हणाला.

अलीकडे जेवण जात नव्हते, ते नेमके तेव्हाच आठवले.

जमादार हसला. "माजे धुवन बघा. माजी भूक बघून बायको वैतागली हा." त्याचेही पाणी पिवळेच निघाले. त्याचे हसणे थांबले आणि माझे डोके ताळ्यावर आले.

"आता तुमचे हात धुवा," मी वैद्याला म्हणालो.

"माजे? माका खंय कावीळ?"

वडिलांकडून विद्या घेतल्यापासून त्याने स्वतःचे हात कधी असे धुतलेच नव्हते. पाणी पिवळे झाले. तो परातीकडे बघत राहिला.

"सायबानू, दवाखान्यात माकाय न्हेशात?"

ते ऐकून सासूने वाटी खाली ठेवली. "उचला तिका," ती म्हणाली.

बाई वाचली, मूल गेले. डॉक्टरांनी वैद्यालाही तपासले; त्याला काहीच नव्हते, पिवळा रंग सालीच्या रसाचा आणि चुन्याचाच होता. तरी तो दवाखान्याच्या ओट्यावर तळहात न्याहाळत बसला होता. मी भामटा पकडायला निघालो होतो. याला तर आपले सगळे खरेच वाटत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. बऱ्याच काविळी आपोआप उतरतात. त्यावर त्याचे नाव झाले होते. किती रोगी बरे झाले, हे तेव्हापासून मी कोणत्याच वैद्याला विचारत नाही. निरोगी माणूस समोर आला तर तो काय सांगतो, ते बघतो.

गेल्या पावसाळ्यात पत्नीच्या आजारपणात नाडी बघणारे एक गृहस्थ घरी आले. ती मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होती. मी आधी माझा हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटले आणि तिचाच आजार मलाही सांगितला. तिने घाबरून माझे मनगट घट्ट धरले.

ती आता नाही. मला अजून काही झालेले नाही.