धुक्यातली गोदावरी आणि आम्ही तिघी

जालन्याच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि डब्यातल्या कुणालाही खिडकी उघडायची इच्छा नव्हती. मी उघडली. गार वाऱ्याचा लोट आत आला तसे समोरच्या बाकावरच्या आजोबांनी घोंगडीतून फक्त डोळे बाहेर काढले आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. हैदराबादेत थंडी म्हणजे अंगावर एक शाल. मराठवाड्याची थंडी मी विसरून गेले होते. आता तर जालना आमच्या राज्यातही उरलं नव्हतं. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबईकडे गेला होता, आणि निघताना शेजारीण म्हणाली होती, "परराज्यात चाललात, जपून जा."

फलाटावर विमल आणि रुक्मिणी उभ्या होत्या. आम्ही तिघी जालन्यात एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. विमलचं लग्न इथल्याच कोर्टात कारकून असलेल्या दिगंबररावांशी झालं. रुक्मिणी गोदाकाठच्या धनगराघरची. वडिलांनी मेंढरं विकून उसाची शेती धरली आणि मुलीला शिकायला आत्याकडे जालन्यात ठेवलं. ती आता दवाखान्यात नर्स होती. मी वडिलांच्या बदलीबरोबर हैदराबादला गेले, ते वारल्यावर आईला घेऊन तिथेच राहिले आणि शाळेत शिकवू लागले. विमलच्या कडेवर तिची चिमी होती, दुपट्यात गुंडाळलेली, फक्त लाल नाक दिसत होतं. तिला थोडा खोकला होता.

"हिला कशाला आणलं एवढ्या गारठ्यात?" मी विचारलं.

"ऐकती का ही विमल कुणाचं," रुक्मिणी म्हणाली. "मी कवाची सांगून राह्यले."

पहिला दिवस फार सुखात गेला. कुंडलिकेचा पूल ओलांडून बाजारात गेलो, पेरू घेतले, गरम जिलबी कागदात बांधून घरी आणली आणि गच्चीवर उन्हात बसून खाल्ली. जिलबीच्या पाकाची बोटं चिमीला चाटवली म्हणून विमलला रुक्मिणीचा ओरडा बसला. चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आला, कपाला हात शेकत आम्ही जुन्या बाईंच्या नकला केल्या. तिथेच रुक्मिणीनं सांगितलं की भावाचं, खंडूचं, गुऱ्हाळ सुरू झालंय, गोदेच्या पल्याड. "ताजा गूळ खायला चला. माय तर कवापासून वाट बघून राह्यली."

संध्याकाळी दिगंबररावांना हे कळलं तेव्हा ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. लेकराला घेऊन नदीकाठी नको."

"ती अंगावर पिते. तिला सोडून कशी जाऊ?" विमल म्हणाली.

"मग तू जाऊ नकोस."

"शांता पुन्हा कधी यायची? दोन वर्षांनी आली आहे."

दिगंबररावांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरलं. मला वाटलं आता बेत मोडला. पण सकाळी दिगंबरराव स्वतः आम्हाला मोटारीवर सोडायला आले. विमलकडे त्यांनी पाहिलं नाही. रुक्मिणीला मात्र म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात म्हणून पाठवतोय, बाई."

"मी हाय. काळजी करू नका," ती म्हणाली.

सर्व्हिस मोटारीला काचा नव्हत्या, ताडपत्रीचे पडदे होते आणि ते वाऱ्यानं फडफडत होते. अंबडला ती बराच वेळ थांबली. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता, आम्ही रस्त्याकडेच्या शेकोटीला पाय शेकत होतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं चिमीचा खोकला ऐकून स्वतःचा मफलर काढून दिला. "बिलकुल नवा हाय, घ्या," म्हणाला. आम्ही नको नको म्हणत राहिलो आणि तोपर्यंत तो ज्वारीच्या ताटांतल्या वाटेनं दिसेनासा झाला. घनसावंगीला उतरलो तर खंडू बैलगाडी घेऊन उभा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच उसाचे हिरवे तुकडे. गाडीत कडबा पसरलेला होता आणि त्याच्या उबेत चिमी झोपून गेली. गोदेच्या अलीकडच्या घरी रुक्मिणीच्या आईनं ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि सायीचं दही वाढलं, आणि ती रात्र आम्ही तिघी एका वाकळेत (गोधडीत) काढली.

सकाळी नदीवर गेलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पलीकडच्या थडीवर (काठावर) गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चढताना दिसत होता. पाणी संथ, गडद. काठाशी एक काहील, म्हणजे गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई, पाण्यावर तरंगत होती.

"नाव कुठंय?" मी विचारलं.

"हीच नाव," खंडू म्हणाला. "समदे हिच्यातच जात्यात. बसा बराबर मधी."

मला पोहता येत नाही. विमललाही नाही. पण आमच्या आधी एका म्हातारीला शेळीसकट पलीकडे सोडून काहील परत आली होती, तेव्हा घाबरण्याची लाज वाटली. आम्ही तळाशी मांडी घालून बसलो. विमलनं चिमीला पदराखाली घेतलं. खंडूनं फळीचं वल्हं मारलं तशी काहील स्वतःभोवती सावकाश फिरत निघाली. गोल भांड्याला पुढचं-मागचं नसतं. घडीत काठावर उभी असलेली रुक्मिणीची आई समोर दिसे, घडीत पलीकडचा धूर. चिमीला मजा वाटत होती, ती हसत होती.

मध्यावर आलो आणि पाण्यातून वाफ निघावी तसं पांढरं काहीतरी वर येऊ लागलं. आधी गुडघ्याएवढं. मग धूर दिसेना. मग काठ दिसेना. पाहता पाहता समोर बसलेल्या रुक्मिणीचा चेहराही फिका झाला.

"धुई आली," खंडू म्हणाला. धुई म्हणजे धुकं. "ऊन पडलं की येती. जाईल जल्दी."

तो वल्हं मारत राहिला. काहील फिरत राहिली. थोड्या वेळानं मी विचारलं, "आपण कुठे चाललोय?" त्यानं वल्हं वर उचललं आणि कान देऊन ऐकू लागला. मलाही ऐकू आलं. कुठेतरी पाणी खडकावरून खळाळत होतं.

"खालची धार हाय का ती?" रुक्मिणीनं हळूच विचारलं.

"हं."

"कोन्या अंगाला?"

"तेच कळंना गेलंय, ताई."

विमलनं माझा दंड धरला. तिचे हात इतके गार होते की साडीतून जाणवले. आवाज एकदा डावीकडून येई, एकदा मागून, कारण आम्हीच फिरत होतो. चिमी खोकून रडायला लागली. तिला गप्प करायला विमल थोपटत होती आणि स्वतःच हुंदके देत होती. "हे नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. हे नको म्हणत होते," एवढंच ती म्हणत होती.

मग धक्का बसला. लोखंड खडकावर घासल्याचा आवाज झाला, काहील एका बाजूला कलली आणि बर्फासारखं पाणी आमच्या मांड्यांवर आलं. मी किंचाळले असेन. खंडूनं वल्हं खडकाच्या फटीत रोवलं आणि सगळा भार देऊन काहील तिथेच दाबून धरली. पाणी दोन्ही अंगांनी जोरात धावत होतं.

रुक्मिणीनं साडीचा काष्टा घट्ट केला, खांद्यावरची शाल काढून तिला गाठ मारली आणि विमलपुढे हात केले. "चिमीला दे."

विमल मान हलवत राहिली.

"विमल, मला पोहता येतं. तुला येत न्हाई. काहील उलटली तर तुझ्या हातात ती राहायची न्हाई. दे मला."

"माझ्याजवळ राहू दे. जे व्हायचं ते दोघींना होऊ दे."

"असं बोलू नको. शांते, सांग तिला."

आईच्या कुशीतून मूल काढून घ्यायला सांगणारी मी कोण? आणि रुक्मिणी म्हणत होती ते खरं होतं, हेही दिसत होतं. दिलं तर विमल एकटी बुडणार होती, किंवा आम्ही दोघी. मी म्हटलं, "दे विमल. तिला दे."

विमलनं चिमीच्या कपाळाला ओठ लावले आणि तिला दिली. रुक्मिणीनं शालीनं तिला छातीशी बांधलं, ओढून पाहिलं, पुन्हा बांधलं. विमलच्या चेहऱ्यावरून मी नजर फिरवली. तिकडे बघवत नव्हतं.

"आता हाका मारा," रुक्मिणी म्हणाली. "बसून काय होतं?"

मी बाजूला पडलेला पाणी उपसायचा तांब्या घेतला आणि काहिलीच्या काठावर बडवू लागले. लोखंड घंटेसारखं घुमलं. खंडूनं गुऱ्हाळावर असलेल्या बायकोच्या नावानं हाळी दिली. चिमी जीव तोडून रडत होती. थांबलो, ऐकलं. काही नाही. पुन्हा बडवलं. बोटं बधिर झाली. आणि मग, धारेच्या आवाजाच्या वरून, अगदी जवळून एका बाईचा आवाज आला, "कोन हाय तिकडं? कुठं अडकले?"

"धारेच्या खडकाला," खंडू ओरडला. "मोटेचा नाडा (जाड दोर) आन. लेकरू हाय संगं."

कितीतरी वेळ गेला असं वाटलं. धुक्यातून कमरेएवढ्या पाण्यात चालत दोन माणसं आली, अंगाला दोर बांधलेली. काहिलीच्या कडीत दोर अडकला आणि आम्ही ओढले जाऊ लागलो. पायाखाली वाळू लागली तेव्हा धुई फाटली आणि ऊन आलं. मी वळून पाहिलं. तो खडक काठापासून इतका जवळ होता की इथून तिथे पेरू फेकला तर पोचला असता.

रुक्मिणीनं शाल सोडून चिमी पुढे केली. विमलला ती घेता येईना. ती मटकन वाळूत बसली, तेव्हा रुक्मिणीनं लेकरू तिच्या मांडीत ठेवलं आणि तिच्या दोन्ही हातांवर आपले हात दाबून धरले. तेव्हाच मला दिसलं की रुक्मिणीचे ओठ निळे पडलेत.

गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे (भट्टीपुढे) आम्हाला बसवलं. खंडूच्या बायकोनं आपली लुगडी नेसायला दिली, ओल्या साड्या वाळत घातल्या, काकवी आणि भाकरी पुढे ठेवली. गुळाच्या वासानं भूक लागली. खंडू चुलवाणात चिपाडं सारत होता. शेवटी तो विमलसमोर येऊन म्हणाला, "वैनी, माझं चुकलं. मी थांबायला पायजे होतं." विमल म्हणाली, "तुम्ही वल्हं सोडलं नाहीत, भाऊ. बसा, खा."

परत तर जायचं होतंच. पूल दूर होता आणि गाडीवाटेनं दुसरा दिवस उजाडला असता, रुक्मिणीची ड्यूटी होती. दुपारी नदी आरशासारखी स्वच्छ झाल्यावर आम्ही पुन्हा काहिलीपाशी उभ्या राहिलो. विमलनं चिमी रुक्मिणीकडे दिली, शालीची गाठ स्वतःच्या हातानं मारली आणि पहिली आत जाऊन बसली. पलीकडे लागेपर्यंत मी फक्त खंडूचं वल्हं पाहत होते.

जालन्यात मोटार पोचली तेव्हा दिवे लागले होते. दिगंबरराव अड्ड्यावर उभे होते. मी मनात म्हटलं, आज नको, उद्या सांगू. पण घरात शिरताच विमलनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. आपण ऐकलं नाही हेही सांगितलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. मी भांडणाची वाट पाहत होते. रुक्मिणी दाराशीच उभी होती, पिशवी हातात, निघायच्या बेतात.

ते उठले, चिमीला घेतलं, तिच्या छातीला कान लावून बसले. मग म्हणाले, "खोकला उतरलाय." आणि थोड्या वेळानं, "रुक्मिणीबाई, आत या. जेवल्याशिवाय जायचं नाही." त्या रात्री पाटावर त्यांनीच आम्हाला वाढलं, तूप जरा जास्तच, आणि विमल खाली मान घालून भात कालवत राहिली. दोघं एकमेकांशी बोलले ते दुसऱ्या दिवशी, अंघोळीच्या पाण्यावरून.

राहिलेले दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. गच्चीवर सतरंजी टाकून ऊन सरकेल तशा सरकत गेलो. डोक्याला तेल लावलं, शेंगा फोडल्या, खंडूनं दिलेली गुळाची ढेप हातोडीनं फोडून खाल्ली. रुक्मिणी ड्यूटी संपवून येई आणि तशीच उन्हात आडवी होई. चिमी तिच्या पोटावर चढून बसे. आम्ही नदीबद्दल बोललो नाही. पण विमल मध्येच बोलता बोलता थांबे, चिमीचा पाय हातात धरे, आणि आम्ही दोघी ती पुन्हा बोलू लागेपर्यंत थांबत असू. गच्चीत ऊन, शेंगांची टरफलं, खालून भाजीवाल्याची आरोळी. याआधीही मी तिथे असंच बसले होते, पण ऊन इतकं ऊबदार असतं हे तेव्हा कळलं नव्हतं.

स्टेशनवर दोघी आल्या होत्या. गाडी हलली तेव्हा रुक्मिणी ओरडून म्हणाली, "खिडकी लावून घे, गारठा हाय." मी लावली नाही. गोदेचा पूल येईपर्यंत डोकं बाहेर ठेवून बसले.

हैदराबादला आईनं दार उघडलं, माझे फुटलेले ओठ आणि सोललेली बोटं पाहिली आणि विचारलं, "काय गं, जालन्यात केलंस तरी काय इतके दिवस?"

तिला सगळं सांगायचं होतंच, आणि त्याच संध्याकाळी सांगितलंही. पण दारात उभी असताना तोंडातून पहिलं आलं ते हेच, "उन्हात बसलो, आई. आम्ही तिघी आणि चिमी."