भाताशिवायचा गोळाभात
फुलकोबीची वाफ आणि हिंगाची फोडणी असा एकत्र वास आला, की मला आमच्या मळ्यातली चूल आठवते. लढाईचा काळ होता. वाशीमच्या डॉक्टरांनी बाबांना गोड लघवीचा आजार सांगितला आणि भात, भाकर, गूळ सगळं बंद केलं. बाबांचा जीव तर गोळाभातावर! हरभऱ्याच्या भरडलेल्या डाळीचे तिखट गोळे भातात शिजवायचे, ताटात कुस्करायचे आणि वरून कढत फोडणी ओतायची. तो बंद झाल्यापासून बाबा रोज अर्ध्या जेवणावरून उठायचे. एका संध्याकाळी मायनं मळ्यातल्या फुलकोबीचा पांढराशुभ्र गड्डा माझ्यापुढं ठेवला. "चीर बारीक, तांदयावानी. अन् तोंड बंद ठेव." मी चिरून चिरून तांदळाएवढे कण केले, तिनं ते वाफेवरच्या गोळ्यांवर पसरले. बाबा ताटावर बसले. फोडणी चर्रकन पडली. माय तोंडाला पदर लावून उभी, आणि मला हसू आवरेना. बाबांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग भराभर. ताट चाटूनपुसून झाल्यावर म्हणाले, "तांदूय कुठला आनला व?" "बाजारातला," माय म्हणाली. "खोटं कायले सांगतं? ह्या तांदयाले म्या सोताच्या हातानं पानी देल्लं हाय. वाढ आखीन!" आता माझाही भात बंद झालाय. सून मघापासून दार लोटून काहीतरी बारीक चिरते आहे, आणि तांदूळ कुठला आणला, हे विचारायला मी केव्हाची टपून बसले आहे.