जिनिंगच्या आवारातलं मेंदूचं प्रदर्शन

आमच्या प्रयोगशाळेच्या वार्षिक अहवालात शिरपूरच्या प्रदर्शनाला अर्धं पान मिळालं होतं. ‘ग्रामीण जनतेने उत्स्फूर्त प्रतिसाद दिला,’ असं त्यात छापलं होतं. अहवालाचा कच्चा मसुदा मीच लिहिला होता, म्हणून ते वाक्यही माझंच. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. त्या दिवशी काय झालं ते अहवालात नाही. ते इथे लिहितो.

विद्यापीठाची ती प्रयोगशाळा मेंदूवर आणि मज्जातंतूंवर संशोधन करायची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकलो, पुढे शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. झालो, आणि बोलण्यात अजून गावाकडचे हेल असताना सरांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र तेव्हा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी होतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी माझ्याच डोक्याला तारा लावल्या आणि शाईच्या रेघा दाखवून त्या कशा वाचायच्या ते शिकवलं. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी कृतघ्न वाटेन. वाटलो तर वाटू दे.

प्रयोगशाळेचं ज्ञान खेड्यापर्यंत न्यायचं, ही सरांची मनापासूनची इच्छा होती. फेफऱ्याच्या रोग्यांसाठी त्यांनी पश्चिम खानदेश निवडला, कारण तिथली बोली बोलणारा माणूस, म्हणजे मी, त्यांच्याकडे होता. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मी वर्षभर फिरलो. कुठे फेफरं आलं की चप्पल हुंगवत, कुठे भगताकडे नेत. मी घरोघरी बसून सांगायचो, हा मेंदूचा आजार आहे, रोजची गोळी घेतली तर बहुतेकांचे झटके थांबतात. प्रत्येक रोग्याला एक क्रमांक असायचा. वहीत नाव नाही, बाटलीवर नाव नाही, फक्त क्रमांक. रोग्याचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून सरांनीच ही पद्धत बसवली होती, आणि मला तिचा फार अभिमान होता.

त्याच भागात माझ्या मामाचं घर. मामाच्या मुलीला बाराव्या वर्षापासून झटके यायचे. मामाने ते गावापासून लपवलं होतं. तिला विहिरीवर एकटीला पाठवत नसत, चुलीपाशी एकटीला बसू देत नसत. कुणी विचारलं तर पोरगी अशक्त आहे म्हणायचे. मी गोळीचं बोललो तेव्हा मामीने माझा हात ओढून पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि नाव कुठे सांगणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. मी हसत शपथ घेतली. नाव सांगायचा प्रश्नच नव्हता, आमच्याकडे क्रमांक होते. तिचा क्रमांक सतरा.

गोळी लागू पडली. दोन महिन्यांत झटके थांबले. दिवाळीच्या सुमाराला मामाने तिचं लग्न ठरवलं, तापीकाठच्या एका गावात. साखरपुडा झाला. मुलाकडच्यांना आजाराचं सांगितलं नव्हतं. हे चूक होतं, मला तेव्हाही पटत नव्हतं. पण तो निर्णय त्या घराने करायचा होता.

प्रदर्शनासाठी शिरपूरच्या एका जिनिंगचं, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार मिळालं. कपाशीचा हंगाम होता, सगळ्या तालुक्यातून गाड्या आलेल्या, म्हणून गर्दी आयतीच. टेबलावर काचेच्या बरणीत माणसाचा मेंदू ठेवला होता. लोक वाकून वाकून बघत होते. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, हा बाईचा की गड्याचा. नुसतं बघून सांगता येत नाही, असं मी म्हणालो. तो सोबत्याला म्हणाला, बाईचा असता तर बाटलीतूनही बोलला असता. मागे उभ्या असलेल्या एका आजीने लगेच ऐकवलं, “मंग हाऊ गडीनाच शे. काम ना धाम, पडेल शे नुसता.” आवारभर हशा पिकला. सरांनी मला त्याचा अर्थ विचारला आणि तेही पोट धरून हसले. तोवर दिवस खरंच छान चालला होता.

मग भाषण सुरू झालं. फेफरं ही बाहेरची बाधा नाही, हे सरांनी चांगलं समजावून सांगितलं. पण लोकांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना. सर माझ्याकडे वळले. महिन्याच्या गोळ्या घ्यायला त्या दिवशी रोग्यांना तिथेच बोलावलं होतं. ते गर्दीतच, सगळ्यांसारखे बसले होते. डोळ्यांनी दिसेल तेव्हाच लोकांना पटेल, असं म्हणून सरांनी यादी माझ्या हातात दिली. पाच क्रमांकांपुढे लाल खुणा होत्या. पूर्ण बरे झालेले पाच.

मी ध्वनिक्षेपकावरून क्रमांक पुकारले.

इथे मला कुणी फसवलं नाही. मी विचारच केला नाही. क्रमांक म्हणजे आडोसा, हे प्रयोगशाळेत इतकं घोकलं होतं, की ज्या तालुक्यात चालीवरून माणूस कुणाच्या घरचा ते ओळखतात, तिथे क्रमांकामागे एक चेहरा उठून उभा राहणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. शहरातल्या माणसाची ही चूक समजू शकते. मी त्याच मातीतला होतो.

“क्रमांक सतरा,” मी म्हणालो. कुणी उठलं नाही. मी पुन्हा म्हणालो. तेवढ्यात एका स्वयंसेवकाला बायकांच्या घोळक्यात एका मुलीच्या हातात आमचं सतरा क्रमांकाचं कार्ड दिसलं. त्याने तिला कोपराला धरून व्यासपीठावर आणलं. तेव्हा कुठे मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं, आणि तोवर उशीर झाला होता. सरांनी तिला प्रेमाने विचारलं, आधी महिन्याला किती झटके यायचे, आता किती येतात. तिने हातातलं कार्ड मागे लपवलं. मग सरांनीच वहीतून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. कपाशीच्या गाडीच्या जुवाला टेकून नवऱ्या मुलाचा चुलता उभा होता. तो तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

आठ दिवसांत लग्न मोडलं. मामाने गोळ्यांची बाटली उकिरड्यावर फेकली आणि आमच्या माणसाला पुन्हा दारात उभं करायचं नाही असं घरच्यांना बजावलं.

मी सरांकडे गेलो. तोवर मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. सर चिडले नाहीत, आणि त्यानेच मी जास्त पेटलो. ते म्हणाले, झालं ते वाईटच, पण जे सासर अशा कारणाने लग्न मोडतं ते न मिळालेलंच बरं. शिवाय त्या सभेनंतर दहा नवे रोगी स्वतःहून आले होते. “तुझ्याच लोकांसाठी चाललंय हे,” ते म्हणाले.

“माझ्या लोकांपैकी एकीचं मी वाटोळं केलंय,” मी म्हणालो. “गोळी एकदम तोडली तर काय होतं, ते तुम्हीच मला शिकवलंत.”

सरांनी समोरचा तक्ता माझ्याकडे सरकवला आणि सतराच्या पुढे ‘औषध नाकारले’ असं लिहून ठेवायला सांगितलं. मी लिहिलं. याचा मला सरांपेक्षा स्वतःचा जास्त राग येतो.

रजा घेऊन मी धुळ्याला गेलो. तिथे ओळखीच्या एका डॉक्टरकडून तीच गोळी घेतली आणि एस.टी.ने शिरपूर गाठलं. पुढचा रस्ता पायी. मामाच्या घरी पोचलो तेव्हा मामा शेतावर होता. मामीने मला पाहिलं आणि आत निघून गेली, पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलगी ओसरीवर मूग निवडत बसली होती. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. चार दिवसांपूर्वी चुलीपाशीच झटका आला होता. मामीने ओढलं नसतं तर तोंडही भाजलं असतं.

मी बोलायला सुरुवात केली. चुकलो म्हणालो, माफी मागितली, सर असे नाहीत म्हणालो, बरंच काही म्हणालो. ती मूग निवडत राहिली. मग म्हणाली, “सासूले मीच सांगणार व्हतू. आखाजीले भेटणार व्हतू. मनं मी सांगणार व्हतू.”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती. ती जी गोष्ट आपल्या तोंडाने, आपल्या वेळेला सांगणार होती, ती आम्ही लाकडी व्यासपीठावर, कपाशीच्या गाड्यांसमोर, पुरावा म्हणून वापरून टाकली होती. लग्न कदाचित तरीही मोडलं असतं. पण मग ते तिने सांगितल्यावर मोडलं असतं.

मी बाटली तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलून उलटसुलट पाहिली. बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, क्रमांकही नाही. तिने विचारलं, हे त्यांच्या वहीत जाणार का. नाही, मी म्हणालो. मी बरी झाले तर कुणाला सांगशील का. नाही. तुझ्या सरांनी विचारलं तर. तरी नाही.

“मंग दे,” ती म्हणाली.

आत मामी ऐकत असणार, कारण तेवढ्यात पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी आला. मामी स्वतः बाहेर आली नाही. मुलीने डाव्या हाताने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि मामा शेतावरून यायच्या आत मला निघायला सांगितलं. पुढच्या महिन्याची बाटली घरी आणू नको, शाळेतल्या बाईंकडे ठेव, एवढंही सांगितलं. मग ती पुन्हा मुगातले खडे वेचू लागली.