दगूबाईंनी वाटून घेतलेला उपास

ओट्यावर सूप पालथं पडलं तेव्हा शीला आत भाकरी थापत होती.

"काय पडनं, आत्या?"

ती पिठाच्या हातानंच बाहेर धावली. सासूबाई, दगूबाई, खांबाला टेकून बसल्या होत्या. गहू सगळीकडे सांडलेले, कपाळावर घाम, आणि हात असे थरथरत होते की बघवेना.

"काय व्हयनं?"

"काही नही. चक्कर यी ऱ्हायनी."

लोणखेड्यात दगूबाईंना दिवसाउजेडी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या गल्लीला टोमणे मारून हसवणारी बाई. पण सासऱ्यांच्या, हिलालबापूंच्या, छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायला सांगितलं, आणि ही बाई मनातून हादरली. मोबाइलवर त्यांनी ऐकलं: संध्याकाळी लवकर जेवायचं, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. वजन उतरतं, काळजालाही बरं. बापूंना न्याहारीशिवाय जमेना. "तुम्ही खा," त्या म्हणाल्या, "तुम्हना वाटाना उपास मी करसू." बापूंच्या वाट्याचाही उपास आपणच करू, असा देवीपुढे शब्दच देऊन टाकला.

दगूबाईंना मधुमेह, रोजची गोळी. शीला चटकन त्यांच्याजवळ बसली.

"आत्या, सकायनी साखरनी गोळी लिधी का?"

"लिधी."

"आनि पोटमा काय शे?"

"पोटमा उपास." दगूबाई हसायला गेल्या, पण जीभ जड झाली होती.

शीलानं साखरपाणी आणलं. त्यांनी दात आवळले.

"नको. उपास मोडी टाकू? त्यासना जीवले काही व्हयनं म्हंजे?"

"त्यासले काही नही व्हस! तुमले व्हई ऱ्हायनं!"

"नको म्हनं ना!"

बापू शेतात, घरात दुसरं कुणी नाही. दगूबाईंची नजर सैल पडत चालली. शीला उठली. देवघरातली पितळी वाटी घेतली, साखरपाणी तिच्यात ओतलं, वर तुळशीचं पान टाकलं.

"आत्या, देवीनं तीर्थ शे. तीर्थले कोनी नही म्हनस का?"

दगूबाईंची मान आपोआप लवली. ओंजळ पुढे आली, पण ती धड धरवेना. शीलानं वाटीच ओठाला लावली. "पुरं प्या. आजून."

घाम हळूहळू ओसरला. डोळ्यांत ओळख परतली.

"तीर्थ इतलं गोड?"

शीला डॉक्टरांना फोन लावत होती.

"गोळी चालू असताना असा उपास?" डॉक्टर ओरडले. "मला विचारायचं तरी! आधी जेवू घाला. मग लगेच घेऊन या."

शीलानं दुधात भाकरी कुस्करली. दगूबाईंनी एक घास घेतला आणि तो तोंडातच धरून शेताच्या वाटेकडे बघत राहिल्या. बापू डोक्याचा रुमाल सोडत, चालत येताना दिसले, तेव्हा कुठे त्यांनी तो गिळला.