अंगण हवं कुणाला

आमच्याकडं मुलगी बघायला जातात तशीच जागा बघायलाही जातात. म्हणजे ज्यानं संसार करायचा तो गप्प उभा राहतो आणि बाकीचे बोलतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा हायस्कूलवर शिक्षक. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, बिद्रीकडच्या गावात एकट्याच होत्या. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांना आता कायमचं आपल्याकडं आणायचं आणि त्यासाठी स्वतःची जागा घ्यायची, इथवर आम्हा नवराबायकोचं एकमत होतं.

शहराबाहेरच्या एका नव्या उपनगरात आम्हाला तळमजल्यावरचा फ्लॅट मिळत होता. त्या भागात सगळी घरंच घरं. प्रत्येकाला कंपाउंड, पुढं अंगण, फाटकावर आईवडिलांची कृपा असल्याची पाटी. त्यात ही एकच अपार्टमेंट. लोक जाता-येता तिच्याकडं असं बघायचे, की जणू कुणी लग्नात टॉवेल गुंडाळून आलंय. त्याच भागात एक मोकळा प्लॉटही होता, पण घर बांधायचं म्हणजे दोन-तीन वर्षं निघणार.

मला फ्लॅट पसंत होता. पण माझ्या पसंतीला विचारतो कोण? एका रविवारी गावाकडनं जीप भरून भावकी आली. पुढं थोरले चुलत सासरे, सगळ्यांचे आबा. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कधी कुणी गेलं नव्हतं. मटणाचं जेवण झालं, पान झालं, आणि सगळे फ्लॅट बघायला निघाले. आत्तींनाही घेतलं, कारण जागा त्यांच्यासाठीच घ्यायची होती.

आबांनी चपला काढल्या नाहीत. हॉलच्या मधोमध उभं राहून वर छताकडं बघितलं.

"हितं वर काय?"

"दुसरा फ्लॅट," नवरा म्हणाला.

"म्हंजी लोकांचा संडास आपल्या डोक्यावर? आन् खालची जमीन कुणाची? तुजी न्हाय, त्याची बी न्हाय. खुराडं हाय की रं हे!"

सगळे हसले. मग प्रत्येकानं एकेक भर घातली. बंब कुठं पेटवायचा? शेंगा कुठं वाळत घालायच्या? पावणं आलं तर बसायचं कुठं? शेवटी आबा गंभीर झाले. "आमच्या भावजयीनं लगीन होऊन आल्यापास्नं एक दिस सडा चुकवला न्हाय. अंगणाबिगर ती जगंल व्हय?"

आत्ती दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर पुढं ओढला आणि मान हलवली. थोरल्या दिरासमोर दुसरं काही करायची रीतच नव्हती.

पुरुष भिंती ठोकून बघायला लागले तशा आत्ती माझ्यामागनं स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावरनं हात फिरवला. दार लोटून कडी घालून बघितली, परत काढली. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दोन्ही पाय लांब पसरले. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"पोरी, हितं झाडायला कायच न्हाय की गं," त्या म्हणाल्या. तोंडावर लहान मुलीसारखा आनंद. "लई बरं हाय. मी दमलो बघ. जन्मभर अंगणच झाडत आलो."

मी म्हटलं, "आत्ती, मग सांगा की आबांना."

त्यांनी पाय आत घेतले. "मी सांगितलं तर म्हनतील सुनंनं शिकीवलं. तू सांगितलंस तर म्हनतील सुनंलाच अंगण नको. ऱ्हाऊ दे."

तरी मी राहू दिलं नाही. संध्याकाळी आत्तींना आमच्याकडं ठेवून जीप गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बिचारा लगेच उठला आणि आईसमोर जाऊन बसला. "आई, तुला फ्लॅट आवडला व्हय?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तुमी ठरवाल त्ये. आबांनी सांगितलंय न्हवं?"

नवऱ्यानं माझ्याकडं वळून बघितलं. ती नजर मला अजून टोचते. त्या दिवसापासनं त्या घरात मी अंगण नको असलेली सून झाले ती झालेच.

प्लॉट घेतला. घर उभं राहिलं तोवर नवं शतक लागलं होतं. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं पुढं ऐसपैस अंगण सोडलं. सगळ्यांना सांगायचा, "खास आईसाठी." मी म्हटलं, शहाबादी फरशी तरी घालू. तर सडा कुठं टाकणार म्हणून तेही राहिलं.

आमच्या गल्लीत समोरासमोर अंगणं. सकाळी फाटकं उघडायची आणि बायका एकमेकींची अंगणं नजरेनं तपासायच्या. मी खराटा घेतला की आत्ती हातातनं काढून घ्यायच्या. "म्हातारी बसून खाती म्हनतील." कमरेत वाकून, मधेच गुडघ्यावर हात दाबत त्या झाडायच्या, आणि नवरा खिडकीतनं समाधानानं बघत चहा प्यायचा. त्याचा काय दोष? तो आईचं सुखच बघत होता.

तो फ्लॅट नवऱ्याच्या शाळेतल्याच एका शिक्षकांनी घेतला होता. एकदा त्यांच्याकडं सत्यनारायण होता. आत्ती कुठं जात नसत, पण तिथं येतो म्हणाल्या. प्रसाद झाला, लोक पांगले, तरी त्या स्वयंपाकघरात त्याच भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "जरा बसू दे की."

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. नवऱ्यानं खाट मुद्दाम खिडकीपाशी घातली, अंगण दिसावं म्हणून. एकदा तो शाळेत गेल्यावर त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "खाट फिरीव. तकडं पाचोळा दिसतोय." मी फिरवली. संध्याकाळी येऊन त्यानं परत होती तशी केली, आईला उजेड हवा म्हणाला. मग आमचं हे रोजचंच झालं.

आत्ती गेल्या. रक्षाविसर्जनाला गाव लोटलं. अंगणात मांडव होता, आबा खुर्चीत बसले होते. आता तेही थकले होते.

"सोन्यावानी मरण आलं," ते म्हणाले. "सवताच्या अंगणातनं गेली. त्या खुराड्यात असती तर जीव घुटमळला असता तिचा."

बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. नवरा डोळे पुसत होता. मग आबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "व्हय का न्हाय, सूनबाई?"

मी पदर पुढं ओढला आणि मान हलवली.