पाठमोरी खवळाई

ढमढेरेबाईंच्या घरातली देवी पाठमोरी होती. बिबवेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर शाडूची हातभर उंचीची मूर्ती असायची. आत येणाऱ्याला दिसायची तिची पाठ: मानेपासून शेपटीपर्यंत खवलं, मिटलेले पंख आणि डोक्यावर चक्क अंबाडा. तोंड गजांकडे, म्हणजे रस्त्याकडे. समोरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याने राहवेना. "अहो, मूर्ती उलटी ठेवलीत तुम्ही!" बाई चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उलटी नाही. ती कामात आहे. आपल्याकडे बघत बसायला तिला वेळ नाही."

ही देवी कुठल्या पोथीत सापडायची नाही. ती बाईंनी स्वतः रचली, आणि तीही आमच्या खेळासाठी. बाई स्वारगेट ते विश्रांतवाडी मार्गावर बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या, मुलगा परदेशात गेला, तेव्हा घरातली एक खोली त्यांनी मला राहायला दिली. रविवारी दुपारी ऑफिसातला इम्रान आणि आणखी दोघंतिघं माझ्याकडे फाशांचा खेळ खेळायला यायचे. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि लढाईत कोण जगणार ते फासे ठरवतात. बाई सुरुवातीला आतून ओरडायच्या, "तुमच्या राक्षसांना जरा हळू मरायला सांगा, माझा डोळा लागलाय." मग एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. "तासभर ऐकतेय. जो तो मारतोच आहे. तुमच्या त्या जगात वाचवणारं कोणी आहे की नाही?"

नव्हतं. मग त्यांनीच आणलं. पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की आमच्या त्या काल्पनिक डोंगरात एक ड्रॅगन-देवी राहते. नाव खवळाई. "अंगावर खवलं आहेत आणि ती खवळते. एका नावात दोन्ही कामं झाली." इम्रान म्हणाला, "पण आंटी, ड्रॅगन तर गावं जाळतो." बाईंनी त्याच्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं. "जाळायचं की राखायचं, हे ज्याच्या तोंडात आग आहे त्यानं ठरवायचं. तुझ्या ड्रॅगननं ते ठरवलं. हिनं हे."

हळूहळू खवळाईचा अख्खा धर्म तयार झाला. नवस नाही, ओटी नाही, पुजारी तर मुळीच नाही. देवळात मूर्ती पाठमोरी, आणि भक्तांनी तिच्या मागे उभं राहायचं. का, तर येणाऱ्या संकटाकडे तिचं तोंड असतं. "देव पाठीशी आहे म्हणतात लोक. पाठीशी उभा राहून काय करणार तो? मार तर पुढून येतो!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देवीचा मंत्रही बसमधलाच होता. लढाई सुरू होताना बाई "मागे व्हा!" म्हणायच्या आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात "मागे आहे!" म्हणायचं. तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा त्यांच्याकडे होता. तो कटकट वाजवल्याशिवाय त्या फासे टाकत नसत. मूर्तीही त्यांनी स्वतःच घडवली, पण तिचा चेहरा कुणी बघायचा नाही, असा दंडक होता. "कसा आहे तरी, ते सांगा," म्हणून मी फार मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "माझ्यासारखा. म्हणून तर तिकडे फिरवलाय." आम्ही पोट धरून हसलो होतो.

माझं गाव आता शहरातच आलंय. रानं गेली, त्यांवर इमारती झाल्या, पण घरातल्या मुलीचं लग्न अजूनही ओसरीवर बसून पुरुषच ठरवतात. वडील गेल्यावर चुलत्यांनी, आप्पांनी, मला वाढवलं आणि माझं लग्नही परस्पर ठरवलं. मी फोनवर नाही म्हणाले. तर एका रविवारी ऐन खेळात दाराची बेल वाजली आणि बाहेर आप्पांचा आवाज आला. सोबत आणखी दोन माणसं होती. त्यांच्याबरोबर एकदा गाडीत बसले असते तर परत येणं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हातातले फासे खाली पडले.

बाई उठल्या. जाताना फक्त "मागे हो" म्हणाल्या. दार उघडून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, एक हात चौकटीला, दुसऱ्यात तो चिमटा. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"बाई, आमच्या घरातला मामला हाय. तुमी बाजूला व्हा," आप्पा म्हणाले.

"बाजूला होणं मला कधी जमलं नाही. भरल्या गाडीतही नाही."

"पोरगी आमची हाय."

"पोरगी तिची स्वतःची आहे. काय विचारायचं ते तिला इथूनच विचारा. आवाज पोचतो आत." मग मागे न वळता त्यांनीच विचारलं, "कोमल, जायचंय?"

"नाही," मी म्हणाले.

"मागच्या सीटपर्यंत ऐकू येऊ दे."

"नाही!" मी ओरडले.

"ऐकलंत? आता उतरा."

बाईंच्या हातातला चिमटा तेवढा कटकट, कटकट वाजत होता. आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग सोबतच्यांना "चला" म्हणाले आणि जिना उतरून गेले. बाईंनी दार लावलं आणि तशाच न्हाणीघरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या तोंड पुसत. इम्रानने विचारलं, "आंटी, असा कुठला चेहरा दाखवलात त्यांना?" "फुकट्यांना दाखवायचा तो," बाई म्हणाल्या. "कुणाची पाळी आहे? टाका फासे." तो चेहरा कसला भयंकर असेल, यावर आमच्या पैजा लागायच्या.

बाई गेल्या वर्षी गेल्या. झोपेतच गेल्या. तेराव्याला आप्पा आले, हे मला अनपेक्षित होतं. त्या रविवारनंतर त्यांनी मला पुन्हा न्यायचा प्रयत्न केला नव्हता. पुढे दिवाळीला ते फोन करू लागले होते, पण त्या दुपारचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. निघताना जिन्यात मी विचारलंच. "आप्पा, त्या दिवशी बाईंचा चेहरा कसा होता हो? मला दिसला नाही."

आप्पा कठड्याला धरून थांबले. "रडत व्हती की गं ती," ते म्हणाले. "डोळं भरल्यालं, वठ थरथरत व्हते. हातातलं ते कसलं कटकट वाजत व्हतं, ते हात कापत व्हता म्हणून. मला वाटलं, आता व्हईल बाजूला. न्हाई झाली." ते उतरू लागले. "इतकं भ्या वाटत असून जी हालत न्हाई, तिला कोण हालवणार?"

मी वर आले. इम्रान खिडकीपाशी उभा होता. बाईंचा मुलगा फ्लॅट रिकामा करणार होता आणि मूर्ती मी घेऊन जावी असं सगळ्यांचं ठरलं होतं. "आता तरी बघूया गं चेहरा," म्हणत त्याने मूर्तीकडे हात नेला.

"मागे हो," मी म्हणाले.

तो आधी चमकला, मग दोन पावलं मागे सरकला. "मागे आहे," म्हणाला.

मी कट्ट्यापाशी जाऊन मूर्तीच्या शेजारी, तिच्यासारखीच रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. तिच्याकडे वळून बघितलं नाही. चेहरा कसा आहे ते मला आता कळलं होतं. डोळे भरून आले, ओठ थरथरायला लागले, कट्ट्यावरचा हातही. इम्रानला दिसली ती माझी पाठ.