कांद्याच्या पोत्यावरचा राजा

मी दक्षिण समजून पश्चिमेला गेलो. होकायंत्र खिशात होतं.

साल एकसष्ट. हवालदार म्हणून फौजेतून बाहेर पडल्यावर कुवेतच्या एका पंपिंग स्टेशनवर मी गार्ड कमांडर होतो. आठवड्याला शहरातून रेशन आणायचं, एवढंच काम. त्या दिवशी ट्रकमध्ये माझे चार गार्ड होते, सगळे माजी जवान. मार्को हा युगोस्लाव ड्रायव्हर. आणि मागे कांद्याच्या पोत्यांवर कासिमभाई, कॅम्पला माल पुरवणारे रत्नागिरीचे व्यापारी.

"शॉर्टकट घे," मी म्हणालो. मार्कोनं घेतला. दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि ट्रक वाळूत अ‍ॅक्सलपर्यंत रुतला. पाणी अर्धा जेरीकॅन.

"फॉल इन! पायी निघायचं."

गार्ड उठले. कासिमभाई हलले नाहीत. "हवालदारसाहेब, होडी उलटली तरी सोडायची नाय. होडी लांबून दिसते, माणूस नाय दिसत."

"ही ऑर्डर आहे!"

"माझ्यावर कसली? मी तर कांदेवाला."

चौघे गार्ड कासिमभाईंच्या शेजारी जाऊन बसले. वीस वर्षांची माझी हवालदारकी त्या क्षणी संपली.

जेरीकॅन कासिमभाईंकडे गेला. प्रत्येकाला झाकणभर पाणी, शेवटचं झाकण स्वतःला. मार्को हसू लागला. "आमचाही पहिला राजा व्यापारीच होता. सामो!"

ट्रकच्या सावलीत त्यानं मोडक्या हिंदीत गोष्ट सांगितली. तेराशे वर्षांपूर्वी आवार नावाचे घोडेस्वार लुटारू मार्कोच्या पूर्वजांना, म्हणजे स्लाव्हांना छळत होते. सामो परका, पश्चिमेकडच्या फ्रँक लोकांतला, माल विकायला आला. स्लाव्ह उठले तेव्हा तोही सोबत लढला, आणि असा लढला की त्यांनी त्यालाच राजा केलं. पुढे खुद्द फ्रँकांचा राजा चालून आला, त्यालाही परतवलं. पस्तीस वर्षं राज्य. बायका बारा.

"बारा?" कासिमभाई दचकले. "आमची एक हाय, तीच बारांना भारी."

सकाळी शोधपथकाला लांबूनच ट्रक दिसला. मी नेणार होतो त्या दिशेला, ते म्हणाले, सौदीपर्यंत विहीर नव्हती.

तेव्हापासून सगळा कॅम्प कासिमभाईंना 'राजे' म्हणू लागला. मीसुद्धा, सॅल्यूट मारून. आठ वर्षं मारला. मग राजे तापानं गेले.

सुट्टीत मी रत्नागिरीला राजांच्या घरी जाऊन वहिनींना भेटलो. सगळं सांगितलं, त्या पदरानं डोळे पुसत हसत राहिल्या. निरोप घेऊन मी ताठ मानेनं निघालो.

मागून हाक आली.

"भावजी, यष्टी उजवीकडं. तिकडं समुद्र हाय. आमचे उगाच नव्हते सांगत."